वरचे दोन मजले

"किशनराव, हे काम मी करणार न्हाई," वीरण्णा म्हणाले आणि टेबलावरचा नकाशा गुंडाळून त्यांनी समोर सरकवला.

शेजारी बसलेला बसवराज हबकलाच. वडील होकार द्यायला आले आहेत, अशी त्याची समजूत होती. किशनरावांचं मुलींचं होस्टेल वीरण्णांनीच बांधलेलं, दोन मजली. आता त्यावर आणखी दोन मजले चढवायचे होते, तेही जूनच्या आत. लातुरात क्लासेसचा जोर होता. लांबलांबच्या गावांहून पोरी ट्रंका घेऊन उतरत होत्या आणि खोली मिळेना म्हणून गल्लीगल्लीत फिरत होत्या.

"पाया दोन मजल्यांचा हाय. मीच घातलाय. वरचं वजन तो घेणार न्हाई."

"तुम्ही न्हाई केलं तर दुसरा गुत्तेदार करील, वीरण्णा," किशनराव हसले.

"करू द्या," म्हणून वीरण्णा उठले.

घराचा उंबरा ओलांडताच बसवराजचा तोल सुटला. नुकतंच त्यानं पंधरा दिवसांचं उद्योजकता शिबिर केलं होतं. जोखीम घ्यायची तयारी, गोड बोलणं, काळाची पावलं ओळखणं, यशस्वी उद्योजकाचे सगळे गुण त्यानं वहीत उतरवून घेतले होते. आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही, हे त्यात लाल शाईनं लिहिलेलं होतं.

"आप्पा, हे तिसरं काम घालवलं तुम्ही. कामून असं करायलात? भेऊन धंदा होत न्हाई!"

भेऊन, हा शब्द त्यानं मुद्दाम वापरला. भूकंपाला तेव्हा सहावं वर्ष लागलं होतं. बसवराजची थोरली बहीण सिंधू आणि तिच्या दोन लहान मुली त्या पहाटे सासरच्या घरात ढिगाऱ्याखाली गेल्या. तेव्हापासून वीरण्णा प्रत्येक भिंतीला हात लावून बघत. मिस्त्री भ्याला, असं सगळं लातूर म्हणत होतं. लेकही तेच म्हणाला. वीरण्णांनी ऐकून घेतलं आणि पाय धुवायला आत निघून गेले.

दुसऱ्या गुत्तेदारानं जूनच्या आत दोन्ही मजले उभे केले. पुढची कामंही मग त्यालाच मिळत गेली. वीरण्णांकडची गवंडी माणसं एकेक करून तिकडं गेली. अठरा वर्षं बरोबर असलेला चन्नबसप्पासुद्धा एके दिवशी मान खाली घालून, "मालक, लेकरंबाळं हायत," म्हणाला आणि गेला. अंगणात उभा केलेला काँक्रीटचा मिक्सर पावसानं गंजला. बसवराज फरशा बसवायची आणि गळती काढायची किरकोळ कामं घेऊ लागला. एका ठिकाणी त्याच्या लग्नाचं बोलणं चाललं होतं, तेही बारगळलं. बापलेकांत कामापुरतं बोलणं उरलं.

अशी दोन वर्षं गेली. मग एक दिवस बसवराजकडं एक होस्टेलवाला स्वतःहून आला. काम तसंच होतं, जुन्या पायावर नवे मजले. बसवराजनं त्याला संध्याकाळपर्यंत थांबायला सांगितलं आणि दुपारीच वडिलांना घेऊन तो किशनरावांच्या होस्टेलसमोर गेला. तिथल्या चहाच्या टपरीवर दोघं बसले.

चौथ्या मजल्याच्या गॅलरीत ओढण्या वाळत होत्या. एक मुलगी पुस्तक छातीशी धरून, पुटपुटत येरझाऱ्या घालत होती. दुसरी कठड्यावरून वाकून खाली कुणाला तरी हाक मारत होती.

"बघा आप्पा," बसवराज म्हणाला. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "दोन वर्षं झाली. साधा तडा न्हाई. आपण न्हाई म्हणलं, दुसऱ्यानं केलं. काय बिघडलं? आज मी हो म्हणणार हाय. तुम्ही फक्त मधी येऊ नका."

वीरण्णांची नजर कठड्यावरून वाकलेल्या मुलीवरून हलली नाही. हातातला चहा निवून गेला.

"सिंधूचं घरबी दोन वर्षं उभंच होतं," ते म्हणाले.

बसवराजला कळलं नाही. "कोणतं घर? ते तर तिच्या सासऱ्याच्या वेळचं होतं."

"भिंती सासऱ्याच्या वेळच्या, दगड-मातीच्या. वरचं मातीचं माळवद उन्हाळ्यात तापायचं. पोरींच्या अंगावर घामोळं यायचं. वर आणखी हातभर माती टाका, म्हणजे घर गार राहील, असं तिचं म्हणणं होतं." वीरण्णांनी निवलेला चहा बाकावर ठेवला. "त्या भिंतीला तेवढं वजन पेलणार न्हाई, हे मला दिसत होतं. तरी टाकली, भूकंपाच्या दोन वर्षं आधी. पाट्या भरभरून, ह्या हातांनी टाकली. संध्याकाळी ती आंघोळीला पाणी घेऊन आली आन् म्हणली, आप्पा, तुम्ही मोठे मिस्त्री."

आठ वर्षं हा माणूस भ्यालेला नव्हता. बसवराजला ते आता कळलं. तो हळूच म्हणाला, "आप्पा, तुम्ही टाकली नसती तर तिनं सासरच्या गावातल्या मिस्त्रीकडून टाकून घेतली असती."

वीरण्णांनी पहिल्यांदा लेकाकडं पाहिलं.

"गावातल्या पंढरी मिस्त्रीला तिनं आधीच विचारलं होतं. तो न्हाई म्हणला, म्हणून ती माझ्याकडं आली."