कपाटावरची उशी

उभी राहिली की आईचं बीपी एकदम घसरायचं, म्हणून दुपारी दोनची गोळी. ती घेतल्यावर चार तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर बीपी भलतंच चढेल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. बाबा लगेच तिची उशी कपाटावर टाकायचे आणि भिकार-सावकारचा डाव मांडायचे.

"पाच मिनिटं पाठ टेकू द्या हो," ती रोज विनवायची.

"सहा वाजेपर्यंत नाही." मला बाबांचा रागच यायचा.

काल गोळी झाली, डाव रंगला आणि खुर्चीतच तिची मान कलली. डॉक्टर आले, "गेल्या" म्हणाले. आम्ही तिला खाली चटईवर ठेवलं.

बाबांनी घड्याळ पाहिलं. तीन वाजत होते. त्यांनी कपाटावरची उशी काढून तिच्या डोक्याखाली सारली.

"झाले बघ चार तास. झोप आता."