शाल्मलीची इमारत सरकते

पालिकेने इमारतींना चाकं बसवल्यापासून शहराचा नियम एकच होता: माणूस जिथे रोज पायी जाईल, ती जागा हळूहळू त्याच्याकडे सरकेल. दवाखाने म्हाताऱ्यांकडे सरकले, शाळा पोरांकडे, आणि टिपणिसांच्या दारात तर मिसळवाला येऊन ठेपला.

हृषीकेशला मात्र शाल्मली हवी होती, आणि ती राहायची शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. म्हणून तो रोज उन्हातान्हात चालत जाऊन तिच्या इमारतीखाली उभा राहायचा. इमारत समोर आली की तिच्या बाबांना लग्नाचं विचारायचं, असं त्याने ठरवलं होतं. इमारतही इमानाने सरकत होती.

"बाबा जाम वैतागलेत रे," शाल्मली फोनवर म्हणाली. "तू दिसलास की चपला घालून तडक बाहेर पडतात."

"कुठे जातात?"

"सांगत नाहीत. पण चालणं होतंय, शुगर उतरली."

अखेर एका सकाळी हृषीकेशने नीट भांग पाडून खिडकी उघडली. शाल्मलीची इमारत आली होती. फक्त मध्ये पोलीस चौकी होती, आणि चौकीच्या बाकावर बाबा हवालदारासोबत चहा पीत बसले होते.

"या जावईबापू," ते म्हणाले, "तुमची तक्रार द्यायला आता मलाही जवळ पडतं."