रेडिओवरची हाक

रेडिओच्या नाटकात म्हाताऱ्या कोळ्याचं काम एका खऱ्याच कोळ्याला मिळालं. चेष्टा नको, म्हणून घरी तो 'दोस्ताच्या होडीवर जातोय' असं सांगून आला होता. बाहेर वादळ सुटलं होतं. आत, थेट प्रसारणात, तो जीव तोडून ओरडला, "होडी बुडतेय! वाचवा मला!"

प्रवेश संपताच दिग्दर्शकानं त्याच्या हातात फोन दिला. पलीकडे सून रडत होती.

"मामंजी, कुठं आहात? रेडिओवर तुमची हाक ऐकली आणि हे तसेच होडी घेऊन तुम्हाला शोधायला गेले!"

दिग्दर्शक माइककडे धावला. "घाबरू नका, हे नाटक आहे असं आत्ताच जाहीर करतो."

म्हाताऱ्यानं त्याचा हात धरला. "साहेब, पोराच्या होडीवर कुठला आलाय रेडिओ?"