अनुभवाचा दाखला

"नोंदणीनंतर किमान एक वर्षाचा अनुभव." नर्सिंग कॉलेजच्या प्रवेश विभागातल्या महेश्वर सरांनी फायलीतला कागद वर काढला. "हाच ना दाखला?"

"हो सर. दोन वर्षं चार महिने. सगळे आयसीयूतले," बुद्धप्रिया म्हणाली.

एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रवेशासाठी कागदपत्रं तपासून घ्यायचा आज शेवटचा दिवस होता. बी.एस्सी.चे गुण जुळले होते, सीईटीचा क्रमांक जुळला होता, नर्सिंग कौन्सिलची नोंदणीही जुळली होती. आता हा एकच कागद राहिला होता. तिची आई केसरबाई मंगळवेढ्याहून पहिल्या एसटीनं सोलापुरात आली होती, आणि आता आधारकार्डाची झेरॉक्स काढायला खाली गेली होती.

"खाजगी हॉस्पिटलचा दाखला असला की आम्ही एकदा फोन करून विचारतो," सर म्हणाले. त्यांनी ऑफिसच्या मोबाईलवरून लेटरहेडवरचा नंबर लावला. लिहायला हात मोकळा राहावा म्हणून फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

फोन हॉस्पिटलच्या मेट्रन, म्हणजे मुख्य नर्स, दानेश्वरी मॅडमनीच उचलला. नुसता आवाज ऐकून बुद्धप्रिया सावरून बसली. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचा कफ कसा काढायचा, ते मॅडमनी तिला हात धरून शिकवलं होतं. 'वॉर्डातच म्हातारी होऊ नकोस, पुढं शीक,' हेही त्याच म्हणाल्या होत्या. दाखल्याखाली सही त्यांचीच होती.

"बुद्धप्रिया तुमच्याकडे स्टाफ नर्स आहेत ना?"

"आहे की," मॅडम म्हणाल्या आणि जरा थांबल्या. "तसं बघायला गेलं तर सर, ती ट्रेनी म्हणूनच होती. शिकाऊ. स्टाफ नर्स म्हणून धरायची, तर आत्ता आत्ता. सात-आठ महिने."

सरांचं पेन थांबलं. "दाखल्यात दोन वर्षं चार महिने लिहिलंय, मॅडम. आणि सही तुमची आहे."

"मागंच लागली हो पोरगी. गरिबाघरची आहे, नाही म्हणवेना. पण आता तुम्ही विचारताय, तर खोटं कसं सांगू?"

मॅडम दुसऱ्याच कुणाबद्दल बोलताहेत असं बुद्धप्रियाला वाटलं. त्यांच्याकडे पोरी येत-जात असतात, गोंधळ झाला असेल. मग 'गरिबाघरची' हा शब्द तिच्या कानात उशिरा शिरला.

ती फोनकडे वाकली. "मॅडम, मी इथंच बसलेय."

पलीकडून कुठल्यातरी बेडचा मॉनिटर वाजत होता, तेवढा ऐकू आला.

"बुद्धप्रिया," मॅडमचा आवाज एकदम खाली आला. "ऐक माझं. या वर्षी राहू दे. या महिन्यात तीन पोरी सोडून गेल्या. तूही गेलीस तर व्हेंटिलेटरवरचे पेशंट मी कुणाच्या भरवशावर ठेवू? दोन वर्षं तूच सांभाळलीस की आयसीयू. पुढच्या वर्षी मी स्वतः तुला..."

"एक मिनिट मॅडम," महेश्वर सर मध्येच म्हणाले. त्यांनी आवाज चढवला नाही. "म्हणजे दोन वर्षं तुम्ही आयसीयू एका ट्रेनीच्या हातात दिली होती? तसं लिहून घेऊ? लिहिलं तर मला ते कौन्सिलला कळवावं लागेल."

मॉनिटर वाजत राहिला.

"नको सर," मॅडम म्हणाल्या. "दाखल्यात आहे तेच बरोबर आहे."

"स्टाफ नर्स. दोन वर्षं चार महिने."

"हो."

सरांनी कागदावर खूण केली, शिक्का मारला आणि फाईल बुद्धप्रियाकडं सरकवली. हे सगळं करताना त्यांनी तिच्याकडं पाहायचं टाळलं. ती फायलीला हात न लावता फोनकडंच बघत राहिली.

"मॅडम, तुमची अडचण तुम्ही मलाच सांगायची होती की."

"सांगितलं असतं तर थांबली असतीस का तू?"

"थांबले असते," बुद्धप्रिया म्हणाली. "तुम्ही नुसतं म्हणाला असता, तरी थांबले असते."

तेवढ्यात केसरबाई धापा टाकत आत आली. झेरॉक्सचे कागद तिनं छातीशी धरले होते. लेकीचा चेहरा बघून ती दारातच थबकली.

"काय झालं गं? न्हाय झालं व्हय?"

"झालं, मावशी," सरच बोलले. "अनुभवाचं तेवढं विचारत होतो. हॉस्पिटलच्या मॅडम आहेत फोनवर. तुमच्या मुलीचा प्रवेश पक्का झाला."

केसरबाईनं कागद टेबलावर ठेवले. पदर नीट केला. मग समोर माणूस असल्यासारखी ती फोनपुढं वाकली.

"जयभीम मॅडम. मी बुद्धप्रियाची आई बोलतीया. तुमचे लई उपकार हायती बगा. आमाला यातलं काय कळत न्हाय. तुमी पोटच्या पोरीवानी शिकवलं, म्हणून ती हितवर आली. आमच्या मागं तुमीच हायसा तिला."

बुद्धप्रियानं फोन बंद करायला हात पुढं केला. मग तो तसाच मागं घेतला.

पलीकडून फोन कट झाला.

केसरबाई सरळ उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते.

"बग," ती लेकीला म्हणाली. "एवढं केलं, पर एका शब्दानं बोलून दावलं न्हाय बाईनं."