जिन्याचा कठडा

गिरणीवालीनं भावाच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला, तरी त्यानं मूठ उघडली नाही.

मुठीत घराची चावी होती. गल्लीची रीतच तशी. सभेला येताना प्रत्येक घरानं आपली चावी आणायची. हो म्हणायचं असेल तर लाल बादलीत टाकायची, नको असेल तर निळ्या. एका घराची एक चावी, एक मत. निकाल लागेपर्यंत चावी परत नाही, म्हणजे मधूनच कुणी घरी पळायला नको. आज जिन्याच्या माथ्यावर, शिंप्याच्या अंगणात प्रश्न एवढाच होता, की गल्लीच्या दगडी जिन्याला लोखंडी कठडा आणि दिवे बसवायचे का, आणि त्याच्यासाठी घरपट्टी वाढवून घ्यायची का. दोन्ही बादल्या बरोबरीत आल्या होत्या. उरलं होतं एकच घर. या बहीणभावाचं, बापानं दोघांच्या नावावर करून ठेवलेलं.

भाऊ हाडवैद्य होता.

"आपलं घर सगळ्यात मोठं!" तो किंचाळला. "पट्टी वाढली की सगळ्यात जास्त आपल्यालाच बसणार. कळत कसं नाही तुला, ताई?"

"तुझं पोट त्या जिन्यावर चालतं, ते सांग की सरळ!" गिरणीवाली रक्त थुंकली. रक्त त्याचंच होतं. "माणसं गडगडत येतात ती थेट तुझ्या दारात थांबतात."

ते काही खोटं नव्हतं. जिना इतका उभा, की मांजरसुद्धा त्यावर बूड टेकून उतरायचं. वाऱ्यानं टोपी उडाली तर ती पायथ्याशी पोचेपर्यंत जुनी होऊन जायची. गिरणी जिन्याच्या वर, घर पायथ्याला. गिरणीवालीची लेक रोज तोच जिना चढायची नि उतरायची, आणि आता तिचे दिवस भरत आले होते. ती भिंतीला टेकून, पोटावर हात ठेवून उभी होती.

"मामा," ती म्हणाली, "मी पडले तर माझं हाड तरी फुकट बसवशील ना?"

"घरच्यांना निम्म्यात," हाडवैद्य म्हणाला.

निम्मं अंगण खो खो हसलं. सगळ्यात मोठ्यानं हसला पाववाला. गिरणीवालीनं स्टूल उचललं आणि त्याच्या थोबाडावर घातलं. त्याची कवळी उडाली ती लाल बादलीत जाऊन पडली. "हे मत धरायचं नाही!" म्हणून निळ्याकडचे धावले, लालवाले आडवे आले, आणि मग कोण कुणाला मारतंय याचा पत्ताच लागेना. लोहारानं न्हाव्याला मानगुटीला धरून कपडे वाळत घालावेत तसं कुंपणावर टाकलं. न्हाव्यानं तिथूनच लाथ हाणून लोहाराचं नाक फोडलं. दूधवाल्याच्या कानाचा तुकडा कुणाच्या तरी तोंडात राहिला. शिंपी टेबलावर उभा राहून जिवाच्या आकांतानं शिट्टी फुंकत होता. कुणाचं तरी कोपर लागलं आणि शिट्टी घशात गेली. त्यानंतर तो नुसता श्वास घ्यायचा तरी वाजायचा.

गिरणीवालीला यातलं काही दिसत नव्हतं. तिला मूठ दिसत होती. ती पुन्हा झेपावली, आणि भावानं तीच मूठ तिच्या तोंडावर मारली. बोटांच्या फटीतून चावीचं टोक बाहेर आलं होतं. त्यानं भुवईपासून कानशिलापर्यंत कातडं उघडं केलं.

"आई!" लेक ओरडली.

गिरणीवालीनं भावाचा दुसरा हात पकडला. जन्मभर गव्हाची पोती फिरवलेले हात होते तिचे. तिनं तो हात पोत्याचं तोंड पिळावं तसा पिळला. सुकी फांदी मोडावी तसा आवाज झाला आणि हात खांद्यातून निखळून सदऱ्याच्या रिकाम्या बाहीसारखा लोंबायला लागला. हाडवैद्य मागे कोसळला तो शिंप्याच्या मशीनवर. मशीन पडलं त्याच्या पावलावर.

मारामारी आपोआप थांबली.

"खांदा बसवा रे कुणीतरी!" तो बोंबलला.

सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. खांदा बसवणारा गल्लीत एकच, आणि तो हा असा पडलेला. दवाखाना खाली, रस्त्यापलीकडे. त्याला उचलून कोण नेणार म्हटल्यावर प्रत्येकाला आपापली कंबर आठवली.

गिरणीवालीनं बाहीनं डोळ्यातलं रक्त पुसलं. खाली बसली, भावाला पाठीवर घेतलं, उठली.

"तू वरच थांब," ती लेकीला म्हणाली, आणि जिन्याला लागली.

"पाडशील मला, चेटकिणी," तो तिच्या कानात म्हणत होता. "चावी काही मिळणार नाही. मेलो तरी मूठ उघडणार नाही मी."

"गप पडून राहा."

अर्ध्यावर एक पायरी अशी, की पिढ्यान् पिढ्यांनी झिजवून तिची घसरगुंडी केलेली. गिरणीवालीच्या डोळ्यात पुन्हा रक्त उतरलं. पाय टाकला तो टेकलाच नाही. दोघं एका बाजूला कलले. धरायला उजवीकडे वारा, डावीकडे वारा.

हाडवैद्यानं मूठ उघडली आणि हाताला लागली ती बहिणीची वेणी गच्च पकडली.

चावी खण्, खण्, खण् करत खाली गेली. बराच वेळ ऐकू येत होती.

गिरणीवालीनं गुडघा दगडावर रोवला. मान मागे ताणलेली, दात आवळलेले. पडली नाही.

वरून शिंप्यानं डोकं काढलं. "चावी पडली!" तो शिट्टी वाजवत ओरडला. "वैद्य, बोला! कुठल्या बादलीत मोजू?"

दातांचे वण उठलेल्या मनगटाला हाडवैद्यानं वेणीचा आणखी एक वेढा घेतला.