लांडग्याचा वाटा

मल्हाररावानं चिकलठाण्याच्या कारखान्यातल्या दोस्तांना गौताळ्याच्या जंगलातलं गाव दाखवायला आणलं होतं. शेजारच्याच माळावर त्याच्या आईची, राजाबाईची मेंढरं चरत होती. ती जावेवर सोपवून राजाबाईही जीपमध्ये बसली. वाटेत रोही दिसले, मोर दिसले, तिचं आपलं एकच: "माय मेलेलं कोकरू हाय, लेकरांनो. बाटलीनं पाजते. लई लळा लागलाय त्याला." तेवढ्यात गवतातून लांडगा निघाला. तोंडात कोकरू होतं. "हाकला त्याला!" दोस्त ओरडले. "आमच्यात हाकलत नाहीत," मल्हारराव ऐटीत म्हणाला. "लांडग्याचा वाटा असतो तो. मायनंच शिकवलं. व्हय ना गं माय?" राजाबाईनं चप्पल भिरकावली. "सोड मुडद्या, सोड त्याला!" जन्मभर तिनं लांडग्यावर खडासुद्धा उचलला नव्हता. मल्हाररावानं तिला धरलं, तेव्हा हिरव्या पदराची फाटकी कड दिसली. कोकराच्या गळ्यात तीच चिंधी लोंबत होती.