जुन्या भिवंडीचा वास

तिसऱ्या ताटलीत एकच करवंद होतं.

"अब्बा, अकरा दिवस मुरवलंय!" राहिल बापाच्या कानाशी ओरडला. मुनीरने करवंद तोंडात टाकलं. अकरा दिवस एका घासात संपले.

धामणकर नाक्यामागच्या या शेडमध्ये मुनीरचे कापड विणणारे चोवीस लूम चालायचे. आता तिथे राहिलच्या हॉटेलच्या बारा खुर्च्या होत्या. लूम भंगारात गेले. आडवं सूत नेणारा एक धोटा तेवढा भिंतीवर टांगला होता, त्याच्यावर स्वतंत्र दिवा. जिवंतपणी त्याला कुणी विचारलं नव्हतं. जेवण म्हणे मोसमाचं. म्हणजे बाहेर हातगाडीवर पानाच्या द्रोणात मिळतं तेच, फक्त ताटली मोठी आणि माल कमी. गिऱ्हाइकाने महिनाभर आधी नाव नोंदवायचं आणि समोर येईल ते निमूट खायचं. काय हवंय, ते विचारायची पद्धत नाही.

आज दुपारी पाहुणे दोनच होते, मुनीर आणि त्याची बायको सुरैया. टेबलावर बक्षीसपत्र ठेवलं होतं. जेवण झालं की मुनीरने सही करायची, शेड राहिलच्या नावावर. एक गोदामवाला या जागेसाठी वर्षभर घिरट्या घालत होता. पण मुनीरचं ठरलं होतं. पोराच्या हातात कसब आहे, जागा पोराची.

स्वयंपाकघर समोरच होतं, जाड काचेमागे.

"आतला आवाज बाहेर येत नाही, अब्बा! लोकांना शांतता लागते!" राहिलने शांततेची महती ओरडून सांगितली आणि आत गेला.

सुरैया नुसते ओठ हलवत पुटपुटली, "जेवण कधी येणार?"

मुनीरने तिच्याकडे पाहिलं. "हेच जेवण."

"या अल्लाह. मग मी घरी जाऊन खिचडी टाकते."

सहाव्या ताटलीवर काचेचं झाकण होतं. राहिलने ते उचललं. धूर निघाला. धुराखाली बोटभर मासळी.

"जुन्या भिवंडीचा वास!" तो ओरडला.

लाकडाचा धूर होता, यंत्राने भरलेला. मुनीरने जुनी भिवंडी तीस वर्षं हुंगली होती. तिला लूमच्या तेलाचा वास यायचा. अंघोळ करूनही न जाणारा. पण त्याने मान डोलावली. मासळी खरंच फर्मास होती. पोरगं हुशार होतं. मुनीरने पेन काढलं, कागद पुढे ओढला आणि कौतुकाने काचेकडे बघत बसला.

काचेमागे राहिल त्याच्या भागीदाराला, विशालला, काहीतरी सांगत होता. विशाल हसला. राहिलही हसला. काच चांगलीच भारी होती. एक अक्षर बाहेर आलं नाही.

मुनीरने पेनाला टोपण लावलं.

राहिल हात पुसत आला. "झालं ना, अब्बा? आवडलं? आता सही!"

"ओरडू नकोस. जेवण चांगलं आहे," मुनीर म्हणाला. "फक्त सही झाली की म्हाताऱ्याला परत इथे आणायचं नाही. गिऱ्हाइकांसमोर बरं दिसत नाही. अंगाला अजून तेलाचा वास येतो."

राहिलचा चेहरा पांढरा पडला. "कोणी... कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तूच. आत्ता." मुनीरने कागदाची घडी घातली आणि सुरैयाच्या पिशवीत टाकली.

राहिल काचेकडे बघतच राहिला. लूमच्या खडखडाटात माणसं एकमेकांचे ओठ वाचून बोलतात. लूमवर उभं राहिलेलं कुठलंही पोर हे महिन्याभरात शिकतं. राहिल शिकला नव्हता. त्याचे कान शाबूत राहावेत म्हणून, लूम चालू होते तोवर, बापाने त्याला या शेडची पायरी कधी चढू दिली नव्हती.